सरांचं तेरावं पुस्तक

प्राध्यापक जीवराम भदाणे यांची तेरा पुस्तकं मी तपासली. अकरा ते असताना निघाली, दोन ते गेल्यावर. माझ्या हिशेबानं तेराही एकाच हातची, आणि तो हात सरांचा नव्हता.

जळगावात नवलभाऊंच्या प्रकाशनात मी प्रुफं तपासतो. सरांची पुस्तकं आमच्याकडचं चालू खातं. नेपोलियन, नेल्सन, फ्रेंच राज्यक्रांती, दोन्ही महायुद्धं. स्पर्धा परीक्षेवाले वाचत, पेन्शनर वाचत, आणि न वाचणारे काचेच्या कपाटात ठेवत. एकदा ट्रफल्गारची लढाई दोन पानांवर दोन सालांत झाली, म्हणून मी धुळ्याला देवपुरातल्या त्यांच्या घरी गेलो. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद उलटसुलट केला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली.

"चारू, ट्रफल्गार कधीचं गं?"

फोडणीचा आवाज थांबला नाही. "अठराशे पाच. एकवीस ऑक्टोबर."

सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, अठराशे पाच, लिहून घे.

त्या दिवसापासून मी नीट पाहायला लागलो. हस्तलिखितं सगळी चारुलताअक्कांच्या अक्षरात, उजवीकडे कललेली. सरांचं अक्षर मी फक्त सहीत पाहिलं. प्रस्तावनेच्या शेवटी मात्र दर वेळी एक ओळ असायची : 'हस्तलिखिताच्या कामी पत्नी सौ. चारुलता हिची मदत झाली.' अकरा पुस्तकांत ती एका शब्दानं हलली नाही.

सर २०१९ साली गेले. दोन वर्षांनी अक्का फाइल घेऊन आमच्या कचेरीत आल्या. आत बिस्मार्क होता आणि पहिल्या पानावर स्वतःचं नाव. तेवढीच त्यांची मागणी होती. नवलभाऊंनी चहा मागवला, सरांच्या आठवणी काढल्या, डोळे पुसले आणि मग मुद्द्यावर आले. बाईच्या नावावर लोणच्याचं पुस्तक खपतं, बिस्मार्क नाही. त्यापेक्षा सरांनी मागे ठेवलेलं हस्तलिखित म्हणून काढू, सरांनाही श्रद्धांजली होईल.

"नावच बठ्ठं शे, अक्का, नावच सगळं," ते हसून म्हणाले. "पुढच्या वेळी बघू."

अक्कांनी चहा अर्धा ठेवला आणि फाइल तिथंच. पुस्तक निघालं. जुनी प्रस्तावना थोडी फिरवून घेतली होती, तिच्यात मी एकच दुरुस्ती केली, 'सौ.'चं 'श्रीमती' केलं. मेलेल्या माणसानं आपल्या विधवेचे आभार मानले आणि ते मी तपासून छपाईला सोडले. कोणाच्या लक्षात आलं नाही. चार परीक्षणं आली, चारही चांगली.

तेरावं पुस्तक ब्रिटनच्या राण्यांवर होतं. अक्कांनी ते २०२३ च्या सुरुवातीला पोस्टानं पाठवलं, या वेळी नाव न घालताच. व्हिक्टोरियाचं प्रकरण वाचताना मी पेन्सिल खाली ठेवली. नवरा गेल्यावर चाळीस वर्षं ती रोज त्याचे कपडे काढून ठेववायची, दाढीला गरम पाणी ठेववायची. पण शेवटच्या प्रकरणात मला ठेच लागली. तिथं दुसऱ्या एलिझाबेथची अंत्ययात्रा होती, सप्टेंबर २०२२ ची, रांगेतल्या माणसांसकट. आणि मलपृष्ठावर सरांच्या फोटोखाली छापायचं होतं : १९४६–२०१९.

मी धुळ्याची एसटी पकडली.

"ती चूक नाही, भाऊ," अक्का म्हणाल्या. "दार उघडं ठेवलंय मी. कोणी शेवटपर्यंत वाचेल, विचारेल, मग सांगेन. आपण होऊन सांगितलं तर म्हणतील, नवरा गेला नि बाई नावाला सोकावली."

नवलभाऊंना सांगू नका, असं त्यांनी बजावलं. त्याची गरज नव्हती. नवलभाऊ मुखपृष्ठापलीकडे वाचत नाहीत.

पुस्तक निघालं. सहा महिन्यांत एकाचंही विचारणारं पत्र नाही. मग जळगावच्या एका वाचक मंडळानं त्याला पुरस्कार दिला. सरांच्या वतीनं तो घ्यायला अक्का आल्या. पाहुणे होते प्राचार्य ललितराव, सरांचे जुने विद्यार्थी. आपण पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा व्यासपीठावर अक्का ताठ बसल्या. ललितरावांनी अंत्ययात्रेचा उतारा वाचला आणि पुस्तक मिटलं.

"सर गेले एकोणीस साली. ही घटना बावीसची. याला म्हणतात इतिहासकाराची दृष्टी."

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या दोघांनी तर हात जोडले.

अक्का उठल्या. माइक त्यांच्यासाठी उंच होता, त्यांनी तो खाली केला नाही. "ते पान मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "बाकीचीही. तेराही पुस्तकांची." मग त्यांनी तिसऱ्या रांगेत माझ्याकडे बोट केलं. "अभिमनभाऊंना विचारा. माझं अक्षर त्यांना ठाऊक आहे."

सगळ्या माना वळल्या. शेजारी नवलभाऊ बसले होते, त्यांच्या गुडघ्याला माझा गुडघा लागत होता. मी उभा राहिलो. माझ्या कपाटात तेरा हस्तलिखितं होती, आणि ट्रफल्गारची ती हाकही मला जशीच्या तशी आठवत होती.

"अक्षर अक्कांचंच आहे," मी म्हणालो. "सरांचं अक्षर लागायचं नाही. सर सांगत, अक्का उतरवून घेत."

सभागृहानं श्वास सोडला. ललितराव गहिवरून म्हणाले, पाहा, बाई इतक्या एकरूप झाल्या की कोण कोण हेच उरलं नाही. पहिल्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. अक्कांनी त्या संपेपर्यंत माझ्याकडे पाहिलं. मग शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या आवृत्तीवर नवलभाऊंनी 'द्रष्टे इतिहासकार' छापलं. आता ते दर महिन्याला विचारतात, सरांचं आणखी काही निघालं का. यंदा त्यांनी मला धुळ्याला पाठवलं. अक्कांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. टेबल भिंतीला लावून त्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. कागद कुठेच दिसला नाही. मी चौदाव्या पुस्तकाचं विचारलं.

"सर वारले, भाऊ," त्या म्हणाल्या. "नवलभाऊंना कळवा."