पाय न वाजवता

खोली एकच, आणि दिवसा तिच्यात दोन गोष्टी चालत: आईची शिलाई आणि बाबांची झोप. बाबा रात्रपाळीचे पहारेकरी. सकाळी आठला येत आणि भिंतीकडे तोंड करून चारपर्यंत झोपत. आई कारखान्यातून गठ्ठ्यानं आलेले शर्ट शिवी. जमिनीवर कात्र्या, टाचण्या, तापलेली इस्त्री. या सगळ्यातून पलंगाच्या पायथ्याशी जी हातभर जागा उरे, तिथं धाकटी बसे. साडेचार वर्षांची. पाय वाजवायचे नाहीत, आवाज करायचा नाही, हे तिला कधीच पाठ झालं होतं. एक चिंधी गुंडाळत आणि उलगडत ती तासन्‌तास बसून राही. जिन्यात शेजारणी म्हणत, पोर कशी गुणाची, घरात आहे की नाही तेसुद्धा कळत नाही. आईला बरं वाटे.

थोरली सोळा वर्षांची. शाळेत दोनदा नापास होऊन बाराव्या वर्षीच घरी बसली होती. ती बटणं लावी. हिच्या डोक्यात दगड भरलेत, काही शिरतच नाही, असं आई आल्यागेल्याला सांगे, तेही तिच्या देखत. थोरली मान वर न करता ऐकून घेई. कधी कधी इतरांबरोबर हसेही.

धाकटीला बालवाडीत घातलं आणि तिसऱ्याच आठवड्यात बाईंनी आईला बोलावून घेतलं. जाता जाता गठ्ठाही पोचवायचा होता, म्हणून आईनं थोरलीला बरोबर घेतलं.

बाई वयानं मोठ्या, आवाजानं मऊ. धाकटीला एका पायावर उभं राहता येत नाही, त्या सांगू लागल्या. चेंडू टाकला की हात पुढे करत नाही, तोंड चुकवते. तीनच्या पुढे मोजता मोजता अडते. वर-खाली, आत-बाहेर यांत गोंधळते. आई म्हणाली, ती मुळातच शांत आहे. घरी काय खेळते, असं बाईंनी विचारलं, तेव्हा आईनं चिंधीचं सांगितलं.

"या वयात मुलं पायांनीही शिकतात," बाई म्हणाल्या. "धावायचं, चढायचं, पडायचं, उडी कुठवर जाईल त्याचा अंदाज घ्यायचा. डोकंही त्यातूनच चालायला लागतं. हिला रोज तासभर पळू द्या. अजून वेळ गेलेली नाही."

थोरलीनं विचारलं, "आणि गेली असेल तर?"

"नाही गं, एवढीशी तर आहे ती."

"हिचं नाही विचारत मी."

बाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. शिकायला वय नसतं, म्हणाल्या. एकाच गोष्टीमुळे सगळं झालं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, असंही म्हणाल्या. थोरली खिडकीतून बाहेर बघत होती. अंगणात मुलं जुन्या टायरांमधून उड्या मारत होती आणि धाकटी भिंतीला टेकून उभी होती.

गठ्ठा देऊन तिघी परतल्या. जिन्यात थोरली थांबली.

"मला तू पलंगाच्या पायाला बांधायचीस ना?"

आईचा हात कठड्यावर गेला. "तुला आठवतं?"

"ओढ आठवते. दोन पावलं टाकली की लागायची."

"इस्त्री खाली असायची गं. भाजली असतीस."

"माहीत आहे मला," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. आईला वाटलं, असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून थोरली धाकटीला इमारतीमागच्या मोकळ्या जागेत नेऊ लागली. कुणी सांगितलं नव्हतं. पहिले काही दिवस धाकटी तिचा हात सोडेना. मग एका विटेवरून उडी मारली, मग दोन विटांवरून. उड्या मोजता मोजता ती वीसपर्यंत पोचली. घरी येऊन इतकं बोलू लागली, की बाबा कानात कापूस घालून झोपू लागले. तिला गप्प मात्र त्यांनी केलं नाही. पुढच्या वर्षी ती पहिलीत गेली आणि बाईंनी तिच्याबद्दल चार चांगले शब्द लिहून दिले.

दगडाची गोष्ट आईच्या तोंडून पुन्हा कधी निघाली नाही. एका दुपारी, मशीन थांबवून, तिनं थोरलीला विचारलं, "पुन्हा शाळेत नाव घालायचं का तुझं?"

थोरलीनं दोरा दातानं तोडला. "आता नको. बसायची सवय झालीय मला."

आईनं मशीन सुरू केलं. थोड्या वेळानं पाहते तर बाही उलटीच जोडली गेलेली. तिला पुढचं दिसेना, तशी ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. थोरलीनं तो शर्ट स्वतःकडे ओढून घेतला आणि एकेक टाका उसवायला लागली.