पुसलेला पट्टा

डॉक्टर एलेनीने ब्रॉनीच्या डोक्यावरच्या, मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या टोपीच्या शेवटच्या छिद्रात जेल सोडलं आणि वायर जोडली. ब्रॉनीने दात आवळले. डोक्याला कुणी हात लावलेला तिला लहानपणापासून खपत नसे. पण आज नोकरीचा प्रश्न होता.

रेनमार्क गावातल्या फळांच्या शेडमध्ये ती संत्री निवडायची. सालीखाली धरू लागलेली सड तिला यंत्राच्या आधी दिसे, तोवर तिचं कौतुक होतं. छताच्या जुन्या ट्यूब फडफडतात, डोळ्यांत टोचतात, असं ती म्हणू लागली तेव्हा मुकादम डॅरिल हसला होता.

"नाचता येईना अंगण वाकडं! आम्हाला कुणाला नाही दिसत ते. डॉक्टरचा कागद आणा, बदलतो ट्यूब. नाहीतर सोमवारपासून येऊ नका."

म्हणून तिची आई मॉरीन तिला ॲडलेडच्या या प्रयोगशाळेत घेऊन आली होती. ब्रॉनीसारख्या ऑटिझम असलेल्यांचा मेंदू उजेड कसा पाहतो, याचाच इथे अभ्यास चाले.

डॉक्टरने मुद्दाम तसलीच जुनी ट्यूब लावली. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून मोजणी झाली. मेंदूच्या रेघा पडद्यावर उमटल्या, डॉक्टरने त्या साफ केल्या आणि कागद छापून मॉरीनच्या हातात दिला.

"ट्यूबचा वेगळा परिणाम आढळला नाही. सॉरी."

मॉरीनने कागद दोनदा वाचला. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

"तुम्ही पुसलंत ते," ब्रॉनी पडद्याकडे बघत म्हणाली. "इथे जाड पट्टा होता. मी डोळे मिटले की बारीक होत होता."

"तो भिंतीतल्या विजेचा गोंगाट गं. सगळ्यांच्याच मोजणीतून आधी तो काढतो आम्ही."

"डोळे मिटल्यावर भिंतीतली वीज कमी होते?"

डॉक्टरचा हात माउसवर थबकला. तिने साफसफाई मागे फिरवली. पट्टा परत आला. ट्यूबही भिंतीतल्या विजेच्याच ठेक्यावर फडफडत होती, म्हणून मेंदूचा प्रतिसादही त्या गोंगाटाबरोबर पुसला गेला होता. डोळे उघडे असताना जाड, मिटलेले असताना बारीक. पुन्हा पाहिलं, तरी तसंच.

"सगळ्यांच्याच म्हणजे किती जणांच्या?" मॉरीनने विचारलं.

डॉक्टरने जुन्या मोजण्यांची लांबलचक यादी उघडली आणि बंद केली. मग म्हणाली, "एकीवरून असं लिहून देता येत नाही. पद्धत ठरलेली असते. नव्याने चाचणी आखावी लागेल, मंजुरी लागेल. पुढच्या वर्षी कदाचित."

"आणि हा कागद?"

"पद्धतीप्रमाणे तो बरोबर आहे."

मॉरीनला ओरडावंसं वाटलं. सगळ्या जगाने पोरीला खोटं पाडलं ते पाडलं, आता तिचा स्वतःचा मेंदू साक्ष देत होता तर ती साक्षही केर म्हणून झाडून टाकली. पण ओरडलं की ब्रॉनी कान झाकून खाली बसते. तिने नुसता कागद घडी करून पर्समध्ये घातला आणि लेकीच्या केसांतलं जेल रुमालाने टिपलं.

बाहेर बाकावर बसून ब्रॉनी बुटांच्या नाड्या बांधू लागली. दाराच्या काचेतून डॉक्टर दिसत होती. ती ट्यूबखाली उभी राहून वर टक लावून पाहत होती. डोळे बारीक करून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं. मग तिने बटण दाबलं आणि अंधारात खुर्चीवर बसून राहिली.

ब्रॉनीने मान वर केली.

"बरं झालं बंद केली," ती म्हणाली. "तिलाही त्रास होत असेल."