डब्बूचे खांदे

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तारीख पुढे गेली, तेव्हापासून अमृतचा जीव थाऱ्यावर नव्हता. जेवताजेवता उठून तो अंगणात येरझाऱ्या घालायचा. धावण्याचं काही वाटत नव्हतं, पण गोळाफेकीला लागतात ते खांदे त्याच्याकडे नव्हतेच.

त्यात सुरतेला दिलेली बहीण जागृती प्रकाशा गावी माहेरी आली, ती पिंजऱ्यात हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा पाळीव प्राणी, घेऊन. मूठभर जीव, नाव डब्बू. सांज झाली की तो चाकावर चढून सुसाट पळत सुटायचा. त्या खरखरीनं अमृतचं डोकं उठायचं.

"याले कोनती भरती देवानी शे?"

"तुन्हापेक्षा जास्त पळस तो," जागृती म्हणाली. ते त्याला लागलंच.

एके दिवशी पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं. शोधाशोध झाल्यावर डब्बू कपाटामागे सापडला. अमृतनं उचलून पाहिलं, तर दोन्ही खांदे टरटरून फुगलेले, मान दिसेनाशी झालेली! नुसतं चाक फिरवून याला खांदे आले, आणि आपण वर्षभर जोर काढतोय!

"माय, याना खांदा देख!"

"सूज ऊनी व्हई," कौसाबाई म्हणाल्या. "डॉक्टरले दाखाड."

अमृत ऐकेना. डब्बूला पिंजऱ्यात सोडून त्यानं ओट्यावरच जोर काढायला सुरुवात केली. त्याच्यासोबत भरतीची तयारी करणारा भिला कौतुकानं बघत उभा राहिला.

डब्बूनं पुढचे पंजे गालांवर दाबले. तोंडातून एक शेंगदाणा बाहेर पडला. मग दुसरा, तिसरा. दाणे पडत गेले, तशा गालांतल्या पिशव्या रिकाम्या झाल्या आणि खांदे ओसरत गेले. शेवटी पुन्हा तोच मूठभर डब्बू उरला.

"अमृत, तुन्हा पैलवानना खांदा पडी ग्यात!" भिला ओरडला.

"मन्हा चटणीना दाणा!" कौसाबाई डब्याकडे धावल्या.

अमृतला असं हसू फुटलं की हात सुटून तो ओट्यावर पालथाच पडला.

चाचणीच्या दिवशी नंदुरबारच्या मैदानावर त्याचा गोळा बेताचाच गेला, पण धावण्यात त्यानं कसर भरून काढली. भिला मात्र वळणावर घसरला आणि मागे पडला.

परतीच्या एसटीत भिला खरचटलेला गुडघा चोळत बसला होता. गावाजवळचा तापीचा पूल आला, तशी अमृतची चुळबुळ वाढली.

"सकायले पळाले येशी ना?" त्यानं विचारलं.

"येसू ना," भिला म्हणाला. "घर बशीसन काय करू?"