नेवेनाच्या कागदाखाली

"इथे तुमची सही, आणि खाली साक्षीदाराची," व्हिओलेताबाईंनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. "सूचना चौदा दिवस, सलग, दर्शनी जागी लावलेली होती, एवढंच लिहिलंय."

मानोलभाऊंनी चष्मा लावला, काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा लावला. एकतीस वर्षं ते व्राबचेवोच्या ग्रामकार्यालयात कारकून आहेत. गावातला प्रत्येक जन्म, प्रत्येक लग्न आणि प्रत्येक मरण त्यांच्या हस्ताक्षरात आहे. सही करायला त्यांना कधी वेळ लागलेला मी पाहिला नव्हता. समोरच्या टेबलावर मी टपाल आणि आवक-जावक बघते. त्या दिवशी मी उगाचच पाकिटं इकडची तिकडे करत होते, कारण साक्षीदार मीच होते.

"काढलेली सूचना कुठेय?" बाईंनी विचारलं.

"आहे," मानोलभाऊ म्हणाले, "म्हणजे... अजून फलकावरच आहे."

"मग काढा की. मी तोवर फोन करून येते." बाई राजधानीतल्या प्रकल्प कार्यालयाच्या वकील. सकाळपासूनचं त्यांचं हे चौथं गाव होतं, आणि केळ्याच्या सालीसकट सगळा नाश्ता त्यांच्या पर्समध्ये होता. वाईट बाई नव्हती. दमलेली होती.

दार लागलं. 

आता ही सूचना कसली, ते सांगते. विमानतळाची धावपट्टी पूर्वेकडे नऊशे मीटर वाढवायची, तिच्या कडेने शहरातली मेट्रो विमानतळापर्यंत आणायची, आणि मेट्रोच्या गाड्या उभ्या करायला शेड बांधायची. या सगळ्यात आमची खालची आळी जाणार होती. एकेचाळीस घरं. सातवं माझ्या आईचं. ज्यांची हरकत असेल त्यांनी चौदा दिवसांत लेखी कळवावी, नाहीतर आराखडा पक्का, असं त्यात लिहिलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग एकानेही कशी हरकत घेतली नाही? सरकारी आराखडा आमच्याकडे नवा नाही. मी शाळेत होते तेव्हा लाल-पांढरे बांबू घेऊन माणसं आली होती. आमच्या मास्तरांनी आम्हाला रांगेत उभं करून त्यांना फुलं द्यायला लावली. पुढे राजवट बदलली, नवी माणसं नवे बांबू घेऊन आली आणि आमचा गुरांचा गोठा मोजून गेली. गोठा पडला, पण आपोआप. हा तिसरा आराखडा. युरोपच्या पैशाचा. आम्ही खांदे उडवले आणि द्राक्षांची छाटणी करायला गेलो.

पण खरं कारण हे नव्हे. खरं कारण फलकावर होतं.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो असलेला शोकाचा कागद छापतात. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दर वर्षी. दारावर, बसथांब्यावर, झाडावर, आणि कार्यालयासमोरच्या फलकावर तर हमखास. तो कागद कोणी काढत नाही. ऊन-वारा काढील तेव्हा. मेलेल्या माणसावर दुसरा कागद डकवायचा नाही, हे लहान पोरालाही कळतं. उलट मात्र चालतं. वीज बंद राहणार, जनावरांना लस टोचणार, शनिवारी नाच आहे, असल्या कागदांवर मेलेलं माणूस बिनधास्त डकवावं. मानोलभाऊंनी आजवर असे कित्येक डकवले.

सूचना लावल्याच्या पाचव्या दिवशी त्यांची बायको नेवेना जाऊन सहा महिने झाले. ते सकाळीच कागद घेऊन आले. भाचीच्या लग्नातला फोटो, मान मागे टाकून हसणारी. नेवेना होतीच तशी, दुसऱ्याच्या लग्नात नवरीपेक्षा जास्त हसायची. भाऊंच्या दोन्ही हातांत कागद होता, म्हणून खळीचा डबा मी धरला. फलकावर बोटभर जागा नव्हती. सगळीकडे आमचीच मेलेली माणसं, आणि मधोमध एक शिक्क्यांचा मोठा कागद.

"कुठे लावू ग?" त्यांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

"इथे लावा, भाऊ," मी म्हणाले, आणि त्या शिक्क्यांच्या कागदावर बोट ठेवलं.

मीच. त्या दिवशी मला ते पुण्याचं काम वाटलं होतं.

"आता काढायची म्हणजे तिला फाडायचं," मानोलभाऊ खिडकीतून फलकाकडे बघत म्हणाले.

"कशाला फाडायचं? बाईंना म्हणावं, वाऱ्याने गेली. प्रत आहे आपल्याकडे. सही करा नि मोकळे व्हा."

"आणि तुझ्या आईचं घर?"

"ते तसंही जाणार आहे, भाऊ. हरकतीने विमानं थांबली कधी?"

"थांबत नसतील. पण हरकत घेऊच दिली नाही, हे वेगळं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोन वर्षं राहिलीत माझी पेन्शनला. नेवेना म्हणायची, सुटलास की समुद्र बघायला जाऊ. आता कुणाबरोबर जाणार?"

तेवढ्यात दार उघडलं. मला वाटलं वकीलबाई. आली त्सोना आजी. खालच्या आळीतलं शेवटचं घर तिचं, धावपट्टीच्या तारेला टेकलेलं. विमान उतरताना तिच्या कपाटातल्या बशा वाजतात, आणि ती त्यांना कोंबड्यांसारखी हाकते.

"ए मानोल, माझ्या कुंपणाला कुणी लाल रंग फासलाय रे? विचारलं तर म्हणतात, मुदत संपली. कसली मुदत? माझी?"

"सूचना लावली होती, आजी," मानोलभाऊ हळूच म्हणाले. "फलकावर."

"ती होय! दिसली की. नेवेनाच्या खालून कोपरा डोकावत होता, शिक्काही होता. म्हटलं, काहीतरी दिसतंय. पावसाने नेवेना निघाली की वाचू."

"उचलून बघायचं ना जरा!" मी बोलून गेले.

आजीने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. "मेलेल्या बाईचं तोंड उचकटून खाली काय लपलंय ते बघू? वेड लागलंय का ग तुला? सगळी आळी तिथून ये-जा करते. कुणी हात लावला का?"

कुणी लावला नव्हता. एकेचाळीस घरांनी येता-जाता नेवेनाला मान लववली आणि आपापलं घर तिच्या खाली राहू दिलं.

आजी गेली. मानोलभाऊंनी टेबलाचा खण उघडला, कोरा कागद घेतला आणि लिहायला लागले. त्यांचं अक्षर नेहमीसारखंच सुरेख होतं, आणि त्याचाच मला राग आला. माणसाने असलं काही लिहिताना निदान एखादी खाडाखोड तरी करावी.

लिहून झाल्यावर त्यांनी मला वाचून दाखवलं. सूचना पाचव्या दिवसापासून झाकलेली होती. माझ्या दिवंगत पत्नीच्या शोकाच्या कागदाने. तो मी लावला. सूचना पुन्हा लावून मुदत नव्याने मोजावी.

"'मी' काय, 'आम्ही' लिहा," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण आवाज माझ्याच कानाला परका वाटला.

त्यांनी रजेची वही ओढली, मागची पानं उलटली, त्या तारखेपुढे माझं नाव लिहिलं आणि पुढे 'रजा'. ती वही तेच ठेवतात. ठेवत होते.

"तू त्या दिवशी नव्हतीस, झ्लातिना. आईला डॉक्टरकडे नेलं होतंस."

"भाऊ, जागा मी दाखवली होती."

"आठवत नाही मला." हे ते माझ्याकडे बघून म्हणाले. "तुझी आई अंथरुणाला खिळलीय. तुलाही काढलं तर त्या घराचं करायचं काय, राखून तरी? कर सही. साक्षीदार लागतो."

मी नाही म्हणायला हवं होतं. बाहेर जाऊन त्या बाईला सांगायला हवं होतं की खळीचा डबा माझ्या हातात होता, बोट माझं होतं. पायऱ्यांवर बाईंच्या टाचा वाजल्या. मी पेन घेतलं आणि सही केली. एवढी भेदरट मी आहे, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

व्हिओलेताबाईंनी कागद दोनदा वाचला. "काका, तुम्हाला कळतंय ना, याने काय होईल?"

"कळतंय."

"वाऱ्याने गेली म्हणाला असतात तर चाललं असतं."

"त्या आठवड्यात वारा नव्हता, बाई. सूचना वाऱ्याने गेली असती तर तिच्यावरच्या नेवेनाला तरी वाऱ्याने कशाला ठेवलं असतं?"

बाई बाहेर गेल्या. फलकाचा फोटो घेतला, नेवेनासकट. फोटो घेताना त्यांनी डोक्यावरचा गॉगल काढून हातात धरला होता.

मानोलभाऊंना आधी घरी बसवलं, मग काढलं. ग्रामसभेत त्यांचा कागद मोठ्याने वाचला गेला, "पत्नीच्या शोकाच्या कागदाने" यासकट, आणि ते मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसून राहिले. बाहेर पडताना दोघांनी त्यांच्याशी हात मिळवला, बाकीचे बाजूने निघून गेले. मी बाकीच्यांत होते.

नवी सूचना कार्यालयाच्या दारावर लागली, आणि या वेळी चौदा दिवस सगळी आळी वाचत होती. हरकती येत गेल्या. वहीच्या पानांवर, शाळेच्या कागदांवर. चौदाव्या दिवसापर्यंत चाळीस झाल्या, आईचीही. अंगठा तिचा, अक्षर माझं.

दुपारी बंद करायच्या वेळी त्सोना आजी आली, एकेचाळिसावी. अर्ज तिने चार घड्या घालून आणला होता, आणि कापडात गुंडाळलेली सहा अंडी.

"हे तुझ्यासाठी. कष्ट पडले तुला एकटीला."

"आजी, कशाला हे?"

"घे ग." ती समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभी राहिली. "मानोलने खरं सांगितलं, हे मी विसरायची नाही. पण तू त्या दिवशी नव्हतीस, हेच वाईट झालं. तू इथे असतीस तर त्याला थांबवलं असतंस, नाही का?"

मी तिच्या अर्जाच्या घड्या उलगडल्या. हाताने सपाट केल्या.

"थांबवलं असतं, आजी," मी म्हणाले, आणि आवक शिक्का मारला.