दर्याच्या खांद्यावर लॉरी

लॉरी हाकणं कुणालाही जमतं. लॉरी उभी असताना काय करायचं, हे फार थोड्यांना जमतं. चौतीस-पस्तीस सालच्या सुमाराला रेवसच्या धक्क्यावर या विद्येतले असे उस्ताद होते, की आता तसे होणं नाही.

मुंबईहून आमचा माल घेऊन येणारी लाँच भरतीच्या पाण्यावर यायची. ओहोटीला धक्क्यासमोर नुसता चिखल पसरलेला. त्यामुळे लाँच पाण्याची वाट बघायची आणि आम्ही लॉरीवाले लाँचची. कधी अर्धा दिवस, कधी सबंध दिवस. ज्याला रिकामं बसता येत नव्हतं, त्यानं रेवसला येऊ नये.

अलिबागचा मुश्ताक झोपायचा. लॉरीखाली गोणपाट टाकून असा घोरायचा, की एकदा दाट धुक्यात लाँचच्या तांडेलानं त्या आवाजाच्या रोखानं सुकाणू धरलं आणि बोट बरोबर धक्क्याला आणून लावली. पुढच्या आठवड्यात तोच तांडेल भांडायला आला. म्हणाला, "काल तू जागा राहिलास. माझी बोट खडकावर गेली असती!"

चौलचा खलील गळ टाकायचा. दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधायचं, हातात चहाचा पेला घ्यायचा आणि डोळे मिटायचे. एकदा असा दांडगा रावस लागला, की खलीलला त्यानं बसल्या जागेवरून ओढत मांडव्यापर्यंत नेलं. परत आला तेव्हा पेला काठोकाठ भरलेला. मी विचारलं, "अरे, चहा सांडला नाही?" तर म्हणाला, "सांडला की! मांडव्याला परत भरून घेतला."

अशा मंडळींत एका पहाटे शिवदास आला. जुन्नरकडचा गडी, घाट उतरून नुकताच पोयनाडला कामाला लागलेला. लॉरी तिथल्याच एका शेठजींची, हिरवीगार, नवीकोरी. शेठजींनी चावी हातात देताना सांगितलं होतं, "गाडीला काही झालं, तर परत तोंड दाखवू नकोस. आला तसा घाट चढायचा." शिवदासच्या बायकोनं, नलूनं, पोयनाडला चूल मांडून आठवडासुद्धा झाला नव्हता. हे सगळं त्यानं उतरल्या उतरल्या आम्हाला सांगितलं, आणि सांगताना बॉनेट पुसत होता. पुसून झाल्यावर चाकं पुसली. मग पुन्हा बॉनेट.

"मियाँ, बस की जरा," खलील म्हणाला. "पुसून पुसून रंग जाईल तिचा."

"मला न्हाय बसवत. हाताला काम लागतं." मग त्यानं समोर पाहिलं. अमावास्येची ओहोटी होती, पाणी पार आत ओढलेलं. नजर जाईल तिथवर करडा चिखल, त्यावर बगळे. "ह्योच का तुमचा समिंदर?"

"हाच."

"पानी कुठं हाय?"

"गेलंय," खलील म्हणाला आणि पेला तोंडाला लावला.

आता यात आमचं कुणाचं काय चुकलं, ते सांगतो. पाणी गेलंय म्हटल्यावर ते परत येणार, हे आम्ही सांगितलंच नाही. कारण हे सांगायचं असतं, असं आमच्यापैकी कुणाला सुचलंच नाही. रात्री दिवा मालवताना उद्या सकाळ होईल बरं का, असं कुणी बजावतं का? आम्ही सगळे किनाऱ्यावर जन्मलेलो. शिवदास जन्मला डोंगरात. तिथं नदी उन्हाळ्यात जाते ती थेट पुढच्या पावसात येते.

मुश्ताक झोपला. खलीलनं डोळे मिटले. मी धक्क्यामागच्या झोपडीत भाकरी खायला गेलो. शिवदासच्या मनात आलं, खालच्या बाजूला चिखलात एक मोठं डबकं चमकतंय, गाडी तिथं नेऊन धुवावी. वरून चिखल उन्हानं पापुद्रा धरलेला, चांगला टणक दिसत होता. तो धक्क्याच्या बाजूच्या दगडी उतारावरून गाडी खाली घेऊन गेला. डबक्यापर्यंत पोचला आणि पापुद्रा फुटला. चारी चाकं आसापर्यंत आत.

त्याच्या ओरडण्यानं मुश्ताक जागा झाला. मुश्ताक दुसऱ्याच्या आवाजानं जागा झाल्याची ती एकच वेळ.

आम्ही उतारावर धावलो. हँडल मारलं, फळ्या टाकल्या, दोर बांधून खेचलं. जितकं खेचावं तितकी गाडी खाली. आणि मग बगळे एकदम उडाले. लांबवर एक बारीक पांढरी रेघ दिसायला लागली.

"ते काय?" शिवदासनं विचारलं.

खलीलनंच सांगितलं, "पाणी. परत येतंय. आज अमावास्या आहे, उधाण येईल. ही जागा दोन पुरुष खोल जाते."

शिवदासनं एकदा त्या रेघेकडे पाहिलं, एकदा लॉरीकडे, आणि तो मटकन चिखलात बसला. "नलूला काय सांगू?" एवढंच म्हणाला.

तेव्हा ठमाबाई आली. धक्क्याशेजारच्या कोळीवाड्यातली, घरच्या चार होड्यांची मालकीण. बोंबील वाळत घालायचं सोडून, हात लुगड्याला पुसत ती उतार उतरली. गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि चाकावर एक थाप दिली.

"कुणी आनलान ही हिकडं?"

शिवदासनं हात वर केला.

"घाटावरचा हाय व्हय? दिसतंच. वढताय काय रं येड्यांनो? चिखल काय बैल हाय, वढला की येतो? सोडा ते दोर!"

"मग काय करायचं, ठमाबाय?" मी विचारलं.

"जाळ्याचा खुंट कसा काढतो आमी?"

आम्हा लॉरीवाल्यांना काही ते ठाऊक नव्हतं. मग तिनं दटावत दटावत सांगितलं. डोल जाळं बांधायला कोळी लोक समुद्राच्या तळात ताडाएवढे खुंट ठोकतात. हंगाम सरला की ते उपटायचे. शंभर माणसं लावली तरी खुंट हलत नाही. म्हणून ओहोटीला होडी नेऊन खुंटाला करकचून बांधायची आणि गप्प बसायचं. भरती येते, होडी वर जाते आणि खुंटाला मुळासकट घेऊन जाते.

"तशीच ही हिरवी म्हस काढू," ठमाबाई म्हणाली आणि कोळीवाड्याकडे तोंड करून अशी हाक मारली, की खाडीपलीकडे करंजा गावात लोक दारात आले म्हणतात.

तिचे मुलगे नि दीर होड्या घेऊन आले. पहिलं पाणी पोटरीला लागलं, तशा होड्या सरकत सरकत लॉरीला भिडल्या, दोन या अंगाला, दोन त्या अंगाला. त्यांच्या डोलकाठ्या उतरवून लॉरीच्या पोटाखालून आडव्या घातल्या. काथ्याचे जाड दोर आसाभोवती फिरवून चारी होड्यांना असे आवळले, की दोराला बोट लावलं तर तारेसारखा आवाज यावा.

"झालं," ठमाबाई म्हणाली. "आता वर चला नि बसा."

"आनी?" शिवदासनं विचारलं.

"आनी काय? बसायचं."

"बसून काय करायचं?"

"काय न्हाय करायचं. आता काम त्याचं." तिनं समुद्राकडे हनुवटी केली. "तू मधी गेलास, धक्का दिलास, तर दोर एका अंगाला येईल नि होडी उलटंल. तुजी गाडी तर जाईलच, माझी होडीपन जाईल. समाजलं?"

उताराच्या वरच्या टोकाला, धक्क्याच्या कठड्यावर आम्ही ओळीनं बसलो. ठमाबाईनं शिवदासला शेजारी बसवला आणि त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. मुश्ताकला झोप आली नाही. खलीलनं अंगठ्याची दोरी सोडून टाकली.

पाणी आलं. लाटाबिटा नाहीत, गडगडाट नाही. गुपचूप आलं, सगळीकडून एकदम, जसा एखादा मोठा माणूस घरात शिरतो आणि बोलणारे आपोआप थांबतात. चाकं गेली. पायरी गेली. पुढचे दोन दिवे पाण्याखालून आमच्याकडे बघत राहिले. दोर करकरायला लागले. होड्या वर येईनात. लॉरीच्या वजनानं त्याच खाली चालल्या. काठ आणि पाणी यांत चार बोटं उरली. मग दोन.

शिवदास उठला. ठमाबाईनं सदरा खेचून त्याला खाली बसवला.

"बुडतंय, माय!"

"बस."

"माझी गाडी बुडतीय! निदान तुमच्या होड्या तरी सोडवा, मी एकटाच..."

"बस म्हनलं ना! त्याला घाई न्हाय, तुला कशाला हाय?"

एक बोट उरलं. पाणी काठावर फुगून उभं राहिलं, आत मात्र पडेना. धक्क्यावरच्या कावळ्यांनीसुद्धा ओरडणं बंद केलं. मी आयुष्यात पुष्कळ गप्पा मारल्या आणि पुष्कळांच्या गप्पा मोडल्या, पण तशी शांतता पुन्हा ऐकली नाही.

आणि मग खालून एक आवाज आला. तो कसा सांगू? समजा, जमिनीच्या पोटात कुणी तरी फार दिवस श्वास कोंडून धरलाय आणि आता त्यानं तो सोडला. भला मोठा बुडबुडा वर आला, तो फुटला तेव्हा माझी टोपी उडाली. चिखलानं गाडी सोडली होती.

चारी होड्या एकदम वर आल्या. त्यांच्या मधोमध लॉरी वर आली. आधी दिवे, मग पायरी, मग चाकं. चाकांच्या आऱ्यांतून पाण्याच्या धारा, त्या धारांत ऊन. आम्ही सगळ्यांनी रोज ज्या समुद्राकडे पाठ करून चहा प्यायला होता, त्यानं एवढं लोखंड उचललं होतं, आणि उचलताना हूं की चूं केलं नव्हतं. घाम नाही, ओरडा नाही. खलीलच्या तोंडून कसंबसं निघालं, "सुभानअल्ला." मुश्ताकनं टोपी सरळ केली. ठमाबाईनं उभं राहून हात जोडले. रोज त्याच पाण्यात जाणारी ती, पण तिनंही हात जोडले.

आता यापुढचं ज्यांना पटत नाही, त्यांनी लाँचच्या उतारूंना विचारावं. उधाणाच्या ओढीनं ती चार होड्यांची नि एका लॉरीची वरात हळूच वळली आणि धक्क्यासमोरून खाडीत निघाली. ठमाबाईचे मुलगे बांबू टेकत होते, पण खरं तर त्यांनाही ती नेत होती. एक बगळा उडत आला, खिडकीतून आत शिरला आणि डायव्हरच्या जागेवर उभा राहिला. मान ताठ, नजर समोर. आमच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. तेवढ्यात मुंबईची लाँच आली. तांडेलानं समोरून लॉरी येताना पाहिली, लॉरीत बगळा पाहिला आणि त्यानं निमूटपणे बोट डावीकडे घेऊन वाट दिली. शिट्टीसुद्धा मारली. डेकवरच्या उतारूंनी टोप्या काढल्या. एका पारशी गृहस्थानं काढलेली टोपी पुन्हा घातलीच नाही, तसाच उघड्या डोक्यानं अलिबागला गेला.

लॉरीनं एक चक्कर मारली आणि भरती पुरी झाल्या क्षणी दगडी उताराच्या डोक्याशी येऊन थांबली. ठमाबाईच्या मुलांनी होड्या तिथं बांधून ठेवल्या. पाणी उतरायला लागलं, तशी चाकं दगडावर टेकली. तान्हं पोर पाळण्यात ठेवतात ना, तसं दर्यानं तिला ठेवलं. दोर सोडले. होड्या मोकळ्या झाल्या.

पाणी उतारावरून गेल्यावर मी आणि खलीलनं इंजिनातलं पाणी काढलं, सगळं पुसून उन्हात वाळवलं आणि हँडल मारलं. गाडी खोकली. पुन्हा मारलं. धुरांड्यातून एक वीतभर बोईट बाहेर पडलं आणि मागोमाग इंजिन धडधडायला लागलं. ते बोईट ठमाबाईनं उचलून टोपलीत टाकलं. मजुरीचा तेवढाच मासा घेतला तिनं, बाकी कशाचं नाव काढू दिलं नाही.

एव्हाना लाँचवरचा माल उतरला होता. साखरेची पोती, कापडाचे गठ्ठे, रॉकेलचे डबे. हमालांनी शिवदासच्या लॉरीत त्याचा वाटा भरला, ताडपत्री आवळली. मुश्ताक निघून गेला. पोयनाडची वाट लांबची, ऊन कलत चाललेलं.

शिवदास कुठं दिसेना. बघतो तर कठड्यावर, जिथं ठमाबाईनं त्याला बसवलं होतं, तिथंच तो बसलेला. मांडी घातलेली, हात मोकळे. पाणी मागे चाललं होतं. ओला चिखल एकेक वाव उघडा पडत होता आणि बगळे त्याच्यामागून उतरत होते.

"ए शिवदास!" खलीलनं हाक मारली. "गाडी भरली, चालू हाय, ऊठ की!"

शिवदासनं मान वळवली नाही.

"शेठ वाट बघत असंल ना रे? आणि नलू?"

"सांगीन त्यास्नी," तो म्हणाला. "थांबा जरा. पानी चाललंय. त्येला पोचवून येतो."

खलील माझ्याकडे बघून हसला. मग त्यानं जाऊन इंजिन बंद केलं, पेला भरून घेतला आणि शिवदासच्या शेजारी जाऊन बसला. मीही बसलो.