उशीत पुटपुटलेले वाक्य

मी एक जुना तपासणीचा पलंग आहे. मित्रांनो, ताठ बसा. पोक काढून बसलेले मला खपत नाही. सुताराने माझा सांगाडा भक्कम सागवानाचा केला, वर हिरवे रेक्झिन ताणून बसवले आणि मी पाठदुखीच्या दवाखान्यात रुजू झालो. भल्याभल्यांना मी पालथे झोपवले आहे. "हा पलंग कधी कुरकुरत नाही, कुरकुरतात ती माणसं," असे डॉक्टर कौतुकाने म्हणत.

माझ्यावर माणसे कमरेत स्टिरॉइडचे इंजेक्शन घेत. कित्येकांना त्याने आराम पडला, हे मी नाकारणार नाही. परंतु पालथा माणूस उशीत तोंड खुपसून जे बोलतो, ते फक्त मलाच ऐकू येते.

एकदा इस्त्रीच्या दुकानातल्या मावशी नणंदेसोबत आल्या. त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले होते. बाळाला उचलून घेता यावे, एवढाच मावशींचा हट्ट.

"हल्ली दुसरीकडे कुठे इंजेक्शन घेतलंय?" डॉक्टरांनी विचारले. "वरचेवर घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते."

"छे हो! सुई बघूनच मला घेरी येते."

"घेरी आणि हिला? माझ्या भावाला नुसत्या नजरेने गार करते ही!" नणंद म्हणाली.

सगळे हसले, आणि त्या हसण्यात प्रश्न वाहून गेला. मावशी पालथ्या झाल्या आणि उशीत पुटपुटल्या, "आधीच दोन डॉक्टरांकडे घेतलंय. सांगितलं तर हे डॉक्टर देणारच नाहीत."

मला वाचा नव्हती. सुई शिरली.

दुखणे पळाले. आपण बऱ्या झालो असे समजून मावशी पुन्हा कपड्यांची गाठोडी उचलू लागल्या. एके दिवशी गाठोडे उचलताना त्यांचा मणका दबला. हाडे आतून पोकळ झाली होती. त्यांना धरून आणले, माझ्यावर निजवले. लेक बाळाला घेऊन धावत आली. मावशींनी हात पुढे केले.

"उचलायचं नाही," डॉक्टर हळूच म्हणाले.

ते हात तसेच हवेत राहिले.

आज मी अडगळीत आहे. रेक्झिन फाटले आहे. अंगावर कुणीही नसताना मला भार जाणवतो, ते पुटपुटणे ऐकू येते.

मित्रांनो, घरात कुणी कंबर धरून उठत असेल, तर त्याच्यासोबत दवाखान्यात जा. आधी काय काय टोचून घेतले, ते डॉक्टरांना सांगितल्याखेरीज त्याला पालथे झोपू देऊ नका. तो रागावेल, रागावू द्या. रागावलेल्या माणसाला नातवंड उचलून घेता तरी येते.