रेघांमधली जागा

पौर्णिमाने तिसरी रेघ ओढली आणि पट्टी उचलली. तिन्ही रेघांच्या मध्ये जागाच उरली नव्हती. तिने खोडरबर घेतलं, पुन्हा मोजलं, पुन्हा ओढली. रेघ काही हलायला तयार नव्हती.

बारावीच्या गणिताचा प्रकल्प होता: प्रत्येक अटीची एक रेघ ओढायची आणि रेघांमधल्या जागेत उत्तर शोधायचं. पुस्तकातला सुतार जन्मभर टेबलं आणि खुर्च्याच करत बसलेला; उज्ज्वला मॅडमना त्याचा भारी कंटाळा. "आपल्या घरचं उदाहरण आणा," त्या म्हणाल्या होत्या. पौर्णिमाने आईचा, बेबीताईचा दिवस घेतला. आपण स्टॅटिस्टिक्स शिकायला अमरावतीला गेलो तर घर चालेल का, एवढंच तिला आलेखावर पाहायचं होतं. आडव्या अक्षावर आईची मजुरी, जाणंयेणं धरून आठ तास. उभ्या अक्षावर घरकाम: पाणी, सैपाक, शेळ्या, अंथरुणाला खिळलेल्या आजीचं सगळं. ते दहा तास. आणि बेबीताई पहाटे पाचला उठून रात्री दहाला पडणार, म्हणजे झाले सतरा. आता आठ आणि दहा अठरा होतात हे कळायला आलेख कशाला हवा? पण पोरीला वाटत होतं, नीट काढलं तर कुठंतरी फट सापडेल.

अमरावतीची तिला ओढ लागली होती, अगदी पोटातून. मॅडमनी मोबाइलवर त्या स्वतः शिकल्या त्या तिथल्या कॉलेजातला फळा दाखवला होता. भिंतभर! इथं गावात, जऊळक्याच्या वर्गातला फळा अर्धा उखडलेला, लांब गणित मध्येच पुसावं लागे. तो भिंतभर फळा डोक्यात घेऊन ती महिनाभर फिरत होती. राहायची सोय मॅडमच्या बहिणीकडे होणार होती. हो की नाही ते सोमवारी सांगायचं होतं, आणि आज शनिवार.

"झालं का वं?" चुलीपुढून बेबीताईने विचारलं.

"नाही होत, आई. माह्याबिगर तुहा दिवस पुरत नाही."

बेबीताईचा भाकरीवरचा हात थांबला. मग ती पुन्हा थापू लागली.

"पाचच्या जागी चारले उठीन मी. लिही तसं."

पौर्णिमाने करून पाहिलं. तिन्ही रेघा एका ठिपक्यावर भेटल्या. म्हणजे आईने जन्मभर त्या ठिपक्यावर उभं राहायचं, एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. तिला रडूच आलं. तिने ती रेघ खोडली.

राजपाल शेतातून येऊन, हातपाय धुऊन, रोजच्यासारखा बुद्धविहाराच्या ओट्यावर गप्पा हाणायला निघाला होता. दारातून मागं फिरला आणि लेकीच्या वहीवर वाकला.

"हे काय होय?"

तिने सांगितलं. ही आईची मजुरी, हे घरकाम, हा आईचा दिवस. सातवी शिकलेल्या राजपालने एकेका रेघेवरून बोट फिरवलं.

"ह्यात आजी हाय. शेळ्या हायेत. मी कोठी हाव?"

आजीच्या गोळ्यांची पाच मिनिटं पौर्णिमाने धरली होती, शेळ्यांच्या पाल्याचा अर्धा तास धरला होता. घरकामात बापही धरायचा असतो हे तिच्या मनातच आलं नव्हतं. तिच्याच काय, अख्ख्या गावात कुणाच्या आलं नसतं.

"तुमचं शेत हाय ना, बाबा."

"शेत दिवस बुडेपर्यंत. अन् बाकी?"

राजपालचं बोट घरकामाच्या रेघेवर आलं.

"पाण्याले किती धरले?"

"दोन तास."

राजपाल चप्पल घालून निघून गेला. त्याला राग आला, असंच दोघींनी धरलं. पौर्णिमाने वही मिटली.

सकाळी बेबीताईच्या ओरडण्याने ती जागी झाली.

"गुंड कोनं नेली वं पान्याची?"

पौर्णिमा अंगणात आली. समोर हापशीवर चार बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, आणि मध्ये राजपाल दांडा हाणत होता.

"काहून राजपालभाऊ, बेबीताई बिमार हाय का?"

"नाही. ठणठणीत हाय," तो म्हणाला. मान मात्र वर केली नाही. खांद्यावर गुंड घेऊन आला तेव्हा सदरा पोटापर्यंत भिजला होता.

"अर्धं तं वाटेनंच सांडलं," बेबीताई म्हणाली.

"उद्या कमी सांडन."

तो दुसऱ्या खेपेला गेला. पौर्णिमा आत धावली. घरकामाची रेघ तिने दहावरून आठवर आणली. मध्ये नखाएवढा त्रिकोण उघडला. तो तिने पेन्सिलीने भरला, इतका दाबून की कागदाच्या मागून उमटला.

बाहेर बेबीताई चहा घेऊन उंबऱ्यावर बसली होती. या वेळेला ती कधी बसलेली नव्हती. दुसरा हात कुठं ठेवावा तेच तिला कळेना. पौर्णिमाने वही पुढं धरली. बेबीताईने त्या त्रिकोणाकडं पाहिलं, मग गल्लीकडं.

"कवा जा लागते?"

"जूनमधी."

"मंग हाय अजून वेळ," बेबीताई म्हणाली, आणि लेकीला पुढ्यात बसवून तिची वेणी सोडू लागली.